पुढे पाठवण्यापूर्वी

शाळेत शिकवत असताना आम्ही दोघांनी मिळून ‘विज्ञान : शाप की वरदान’ या विषयावरचे किती निबंध तपासले असतील, त्याची गणती नाही. आमच्यापैकी एकीकडे मराठी होते, दुसऱ्याकडे विज्ञान. त्यामुळे शुद्धलेखन एकीने पाहायचे आणि विज्ञान दुसऱ्याने, अशी घरातली वाटणी होती. बहुतेक निबंधांचा शेवट ठरलेला असे. विज्ञान हे दुधारी शस्त्र आहे आणि सारे काही ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे! आम्ही त्याखाली लाल शाईने ‘छान’ असे लिहीत असू आणि दहापैकी सात गुण देऊन पुढची वही उघडत असू.

यंदा वार्तापत्राच्या संपादक मंडळाने ‘महाजाल, समाजमाध्यमे आणि आरोग्य’ या विषयावर लिहायला सांगितले, तेव्हा लक्षात आले की तोच निबंध आता आमच्या पुढ्यात आला आहे. आणि ‘दुधारी शस्त्र’ म्हणून आमची सुटका होण्यासारखी नाही, कारण त्या शस्त्राची एक धार आमच्याच हातून एका भल्या माणसाला लागली आहे. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

आमच्या शेजारी अण्णा राहतात. त्यांची दोन्ही मुले आमच्याच शाळेत शिकली. गल्लीतल्या गणेशोत्सवाचा जमाखर्च वर्षानुवर्षे अण्णांच्या हातात असे, आणि तो ते इतक्या वळणदार अक्षरात लिहीत की आम्ही ती वही वर्गात नेऊन मुलांना दाखवत असू. अण्णांना रक्तदाबाचा त्रास होता. रोज सकाळी एक गोळी घेत, महिन्याला दवाखान्यात जाऊन दाब मोजून येत. सगळे व्यवस्थित चालले होते.

२०१८ च्या पावसाळ्यात आम्हाला व्हॉट्सॲपवर एक निरोप आला. कुणा ‘जगप्रसिद्ध हृदयरोगतज्ज्ञां’चा शोध म्हणे. अमुक काढा रोज सकाळी उपाशीपोटी घ्या, एकवीस दिवसांत रक्तदाब कायमचा बरा, गोळ्यांची गरज नाही, औषध कंपन्या हे तुम्हाला सांगणार नाहीत, जास्तीत जास्त लोकांना पाठवा, पुण्य लागेल. काढ्याची कृती इथे देत नाही. एकदा दिली तेवढी पुरे झाली. काढ्यातले जिन्नस स्वयंपाकघरातलेच होते, अपाय होण्यासारखे काही दिसले नाही, आणि आम्ही चहा पिता पिता तो निरोप आमच्या यादीतल्या त्रेचाळीस जणांना पाठवून दिला. त्यात अण्णा होते.

अण्णांनी काढा सुरू केला आणि गोळी बंद केली. घरात कुणाला सांगितले नाही, कारण बरे झाल्यावर एकदमच सांगायचे असे त्यांनी ठरवले होते. सोळाव्या दिवशी सकाळी त्यांच्या हातातला पेला खाली पडला. उजवा हात उचलेना, जीभ जड झाली. मुलाने लगेच इस्पितळात नेले म्हणून जीव वाचला. बोलणे हळूहळू परत आले, चालणेही आले. उजव्या हाताची बोटे मात्र अजून लेखणी धरत नाहीत.

मुलांनो, इथे विज्ञानाचा छोटासा पाठ घेऊ. रक्तदाब वाढला तर बहुधा काही दुखत नाही, खुपत नाही. गोळी हा दाब आटोक्यात ठेवते, रोग मुळापासून काढून टाकत नाही. त्यामुळे गोळी थांबवली की दाब गुपचूप पुन्हा वर चढतो, आणि मेंदूतली एखादी रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली की अर्धांगाचा झटका येतो. काढ्याने अण्णांचे काही बिघडवले नाही. बिघडले ते गोळी थांबवल्याने. निरोप लिहिणाऱ्याला याच्याशी काही घेणे नव्हते, आणि आम्हाला मात्र हे माहीत होते. आमच्यातल्या एकाने तर रक्ताभिसरण तीस वर्षे शिकवले होते!

आम्ही इस्पितळात भेटायला गेलो तेव्हा काय बोलावे ते सुचेना. अण्णाच अडखळत म्हणाले, “सर, बाई, तुम्ही पाठवलं होतं ना, मग डॉक्टरांना कशाला विचारायचं? तुम्ही खोटं थोडंच पाठवाल?”

त्यांनी हे तक्रार म्हणून म्हटले नव्हते. पण आम्हाला त्या एका वाक्यात सगळे समजले. त्या निरोपाखाली ज्या डॉक्टरांचे नाव होते ते अस्तित्वातच नव्हते. अण्णांनी विश्वास ठेवला तो आमच्या नावावर. मजकूर कुणाचा तरी आणि पत आमची, असा तो व्यवहार झाला होता.

त्यानंतर आम्ही उरलेल्या बेचाळीस जणांना एकेक करून दूरध्वनी केला. काहींनी निरोप उघडलाच नव्हता. काही हसले. दोघांनी काढा सुरू केला होता, पण सुदैवाने गोळ्या चालू ठेवल्या होत्या. एका बाईंनी तो नांदेडच्या बहिणीला पाठवला होता, बहिणीने तिच्या भिशीच्या मंडळात. तिथून पुढे तो कुठे गेला ते कळायला मार्ग नव्हता. बोटाच्या एका टिचकीसरशी गेलेला निरोप परत आणायला आठ दिवस लागले, आणि सगळा परत आलाच नाही.

या प्रसंगानंतर मोबाइल विहिरीत टाकून द्यावा असे आम्हाला वाटले. पण विज्ञानाच्या शिक्षकाला तसे करता येत नाही. एका अनुभवावरून निष्कर्ष काढू नये, असे वर्गात शंभरदा सांगितलेले असते. म्हणून मग आम्ही उलट बाजूने शोधायला लागलो. महाजालामुळे माणसांचे प्राण वाचल्याची, शास्त्राची वाट सोपी झाल्याची उदाहरणे कोणती, आणि ती आमच्या काढ्यापेक्षा वेगळी कुठे पडतात?

पहिले उदाहरण सगळ्यांच्या आयुष्यातले आहे. चीनमधल्या वुहान शहरात नव्या न्यूमोनियाचे रुग्ण सापडू लागले, तेव्हा शांघायचे शास्त्रज्ञ झांग योंगझेन यांच्या प्रयोगशाळेने त्या विषाणूचा जीनोम, म्हणजे त्याची आनुवंशिक लिपी, वाचून काढली. ही लिपी अवघ्या चार अक्षरांची असते. करोनाच्या या विषाणूत ती सुमारे तीस हजार अक्षरे लांब आहे. झांग यांचे सहकारी, सिडनीचे एडवर्ड होम्स यांनी ११ जानेवारी २०२० रोजी ती सगळी अक्षरे महाजालावर, कुणालाही पाहता येतील अशी खुली ठेवली.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. बर्लिनच्या ख्रिश्चन ड्रॉस्टेन यांच्या गटाने तयार केलेली चाचणीची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने १३ जानेवारीला प्रसिद्ध केली. त्याच दिवशी अमेरिकेत मॉडर्ना कंपनीने आपल्या लशीचा आराखडा पक्का केला. १६ मार्चला सिएटल शहरात त्या लशीची पहिली चाचणी-मात्रा एका स्वयंसेवकाला टोचली गेली. आराखड्यासाठी विषाणूची कुपी विमानाने यावी लागली नाही. आली ती फक्त अक्षरे, तीही तारेवरून. अर्थात ही घाई दिसते तेवढी घाई नव्हती. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी आरएनए लशीच्या पायाभूत संशोधनात कित्येक वर्षे घालवली होती. त्यासाठी त्यांना २०२३ चे नोबेल मिळाले.

आपल्या हैदराबादचा यात वेगळाच वाटा आहे. कोव्हॅक्सिन ही लस शहराजवळच्या जीनोम व्हॅलीत भारत बायोटेकने तयार केली. तिची पद्धत जुनी, निष्क्रिय केलेल्या विषाणूची. तिथे नुसत्या अक्षरांवर भागत नाही, खरा विषाणू हातात लागतो. तो मिळाला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेकडून, जिने तो रुग्णांच्या नमुन्यांतून वेगळा केला होता. ३ जानेवारी २०२१ रोजी या लशीला आणि पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या कोव्हिशील्डला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. पुणे-हैदराबाद हा आमच्या सासर-माहेरचा रस्ता. त्याच रस्त्याने एवढे मोठे काम झाले याचा आम्हाला उगाचच अभिमान वाटतो.

पण हा जीनोम खुला ठेवायची कल्पना एका दिवसात सुचलेली नाही. तिची मुळे १९९६ सालात आहेत. मानवी जीनोम वाचण्याचा प्रकल्प तेव्हा चालू होता. त्या वर्षी फेब्रुवारीत बर्म्युडा बेटावर शास्त्रज्ञ जमले, आणि वाचलेली अक्षरे चोवीस तासांच्या आत सर्वांसाठी खुली करायची, असे त्यांनी आपापसात ठरवले. शास्त्रज्ञ सहसा आपला शोध नियतकालिकात छापून येईपर्यंत छातीशी धरून बसतात, म्हणून हा निर्णय मोठा. एक खासगी कंपनीही तेच काम करत होती आणि माणसाच्या जनुकांवर मालकी सांगितली जाईल अशी भीती होती. अखेर जिम केंट नावाच्या विद्यार्थ्याने तुकडे जोडणारा संगणकी कार्यक्रम काही आठवड्यांत लिहिला, आणि ७ जुलै २००० रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेने मानवी जीनोमचा पहिला जोडलेला मसुदा महाजालावर ठेवला. सुमारे तीन अब्ज अक्षरांची ती पोथी तेव्हापासून कुणालाही फुकट वाचता येते.

दुसरे उदाहरण आईवडिलांचे आहे, म्हणून पालकांनी ते जरूर वाचावे. अमेरिकेत बर्ट्रंड माइट नावाच्या मुलाला जन्मापासून काहीतरी गंभीर आजार होता. हालचालींवर ताबा नव्हता, झटके येत, आणि रडताना डोळ्यांतून पाणी येत नसे. डॉक्टर थकले. २०१२ साली ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्याच्या जनुकांची तपासणी करून सांगितले की दोष एनजीएलवाय-१ या जनुकात आहे, आणि असा दुसरा रुग्ण जगात कुणाला माहीत नाही. एकटा रुग्ण म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने अंदाज. पुरावा व्हायला निदान दुसरा तरी हवा.

बर्ट्रंडचे वडील मॅथ्यू माइट संगणकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी मुलाची सगळी हकिगत, लक्षणे, तपासण्यांसकट, स्वतःच्या नावानिशी महाजालावर लिहिली. हेतू एकच, कुठल्यातरी गावातल्या आईने किंवा डॉक्टरने रात्री जागून ‘रडताना अश्रू येत नाहीत’ असे शोधले तर तिला हे पान सापडावे. आणि तसेच झाले! हळूहळू इतर कुटुंबे, इतर डॉक्टर सापडत गेले. २०१४ मध्ये आठ रुग्णांची एकत्र माहिती वैद्यकीय नियतकालिकात आली आणि या आजाराला शास्त्रात स्वतःची जागा मिळाली. बर्ट्रंड २०२० साली वारला. पण ज्या आईवडिलांना आता निदान मिळते, त्यांना निदान ‘आपण एकटे आहोत’ असे तरी वाटत नाही.

तिसरे उदाहरण मात्र आम्ही दोनदा वाचले, कारण त्याची सुरुवात थेट आमच्या काढ्यासारखी आहे.

ए.एल.एस. नावाचा एक आजार असतो. स्टीफन हॉकिंग यांना तो झाला होता. स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जापेशी मरत जातात आणि शरीर हळूहळू निश्चल होते. अमेरिकेतल्या स्टीफन हेवुड या तरुणाला १९९८ मध्ये या आजाराचे निदान झाले. पुढे त्याच्या भावांनी ‘पेशंट्सलाइकमी’ नावाचे संकेतस्थळ उभारले. एकाच आजाराचे रुग्ण तिथे जमत आणि आपले औषध, त्याची मात्रा, आज हात किती उचलला, श्वास कसा आहे, हे सारे आकड्यांत नोंदवत.

२००८ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या काही डॉक्टरांचा एक निबंध आला. लिथियम हे औषध दिल्यास हा आजार संथ होतो, असा त्यात दावा होता. पण लिथियम घेतलेले रुग्ण अवघे सोळा. बातमी रुग्णांमध्ये वणव्यासारखी पसरली. मरण समोर दिसणाऱ्या माणसाला ‘मोठ्या चाचणीची वाट पाहा’ असे कोण सांगणार? शेकडो लोक आपल्या डॉक्टरांकडून लिथियम मिळवून घेऊ लागले. इथपर्यंत ही आमचीच गोष्ट आहे.

फरक पडतो तो इथून पुढे. या रुग्णांनी औषध घेतले आणि ते लिहून ठेवले. बरे वाटले तर लिहिले, वाटले नाही तरी लिहिले. संकेतस्थळाच्या संशोधकांनी लिथियम घेणाऱ्या १४९ जणांची तुलना, लिथियम न घेणाऱ्या पण आजाराची चाल तशीच असलेल्या रुग्णांशी केली. बारा महिन्यांनंतर उत्तर मिळाले. लिथियमचा काही उपयोग होत नाही. २०११ मध्ये हा निष्कर्ष ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टरांनी रीतसर घेतलेल्या स्वतंत्र चाचण्यांतही तेच दिसले.

ज्यांना ते औषध लागू पडावे असे जगात सर्वाधिक वाटत होते, त्यांनीच ते लागू पडत नाही हे सिद्ध केले. आम्हाला हे वाचून आपली फार लाज वाटली. आम्ही काढा पाठवला, पण त्रेचाळीसपैकी एकालाही ‘घेतला का, काय झाले, दाब किती आला?’ असे विचारले नव्हते. अण्णांचा पेला पडला नसता, तर आजही आम्ही तो काढा गुणकारी समजून बसलो असतो.

ही तीन उदाहरणे आणि आमचा काढा शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा फरक डोळ्यांसमोर आला. जीनोमच्या खाली झांग आणि होम्स यांची नावे होती, आणि अक्षरे चुकीची ठरली असती तर जगातला कोणताही जाणकार त्यांना जाब विचारू शकत होता. माइट यांनी स्वतःच्या नावाने लिहिले आणि जेवढे माहीत तेवढेच लिहिले. लिथियमवाल्यांनी आपला अंदाज चुकल्याचेही त्याच पानावर नोंदवले. आमच्या निरोपामागे उत्तर द्यायला कुणीच उभे नव्हते. आम्हीसुद्धा नव्हतो, कारण आम्ही ‘फक्त पुढे पाठवला’ होता.

नावाचे हे महत्त्व आपल्या कायद्यानेही ओळखले आहे. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरध्वनीवरून किंवा चित्रसंवादातून रुग्ण तपासण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यात म्हटले आहे की असा सल्ला निनावी असता कामा नये. रुग्णाला डॉक्टर कोण ते कळले पाहिजे, डॉक्टरला रुग्ण कोण ते कळले पाहिजे, आणि डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर दिला पाहिजे. घरातल्या मोठ्यांनी एवढे एक लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे. सल्ला पडद्यावरून मिळाला म्हणून वाईट नसतो, पण नाव आणि क्रमांक नसलेला सल्ला औषधाच्या डब्याजवळ येऊ देऊ नये.

आपल्याच शहरातल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या कामात हीच गोष्ट दिसते. महाराष्ट्राच्या सीमेजवळ मुधोळला या संस्थेचे केंद्र आहे. तिच्या खेड्यापाड्यांतल्या दृष्टिकेंद्रांत प्रशिक्षित तंत्रज्ञ असतो. तो डोळे तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो, आणि शंका वाटली तर माहिती जाळ्यावरून मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांकडे जाते. मध्ये तार आहे, पण तारेच्या दोन्ही टोकांना ओळखीचा माणूस आहे. म्हातारीला उद्या काही विचारायचे असेल, तर ती त्याच दारात जाऊन विचारू शकते.

आणि ज्यांच्या हातात ते टोकच नाही, त्यांचे काय? हा धडा आम्हाला २०२१ च्या मे महिन्यात मिळाला. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना १ मेपासून लस खुली झाली, पण नोंदणी संकेतस्थळावरूनच करायची होती. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा मोबाइल बटणांचा. त्या म्हणाल्या, “बाई, लस पण आता शिकलेल्यांचीच का?” आम्हाला उत्तर देता आले नाही. शाळेतले दोन माजी विद्यार्थी तेव्हा महाविद्यालयात होते. त्यांनी गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकले, तोंडाला मुखपट्टी, हातात वही, आणि येईल त्याची नोंदणी करून द्यायला लागले. रात्री बारा वाजता रिकाम्या जागा दिसत म्हणून ते बारापर्यंत जागत. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा जाहीर झाली आणि त्यांचे काम हलके झाले. त्या मुलांना आम्ही कधी काळी ‘शाप की वरदान’ मध्ये सातच गुण दिले असतील. आता ते वाढवून द्यायला आमची हरकत नाही.

व्हॉट्सॲपनेही काही कुलपे बसवली आहेत. २०१८ च्या जुलैत भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल असे कंपनीने जाहीर केले. एप्रिल २०२० पासून, जो निरोप फार हातांतून फिरून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो आणि त्यावर दोन बाणांची खूण दिसते. कुलूप चांगले आहे. पण कुलूप घाई कमी करते, खरे-खोटे सांगत नाही. ते काम आपलेच.

म्हणून आम्ही घरी एक साधा नियम केला आहे. आरोग्याबद्दलचा कोणताही निरोप आला की तो आधी वहीत उतरवायचा, हाताने. उतरवताना तीन प्रश्न लिहायचे. हे कोण म्हणते? त्याला हे कशावरून कळले? आणि हे चुकले तर उत्तर द्यायला कोण आहे? तिन्हींपुढे काही लिहिता आले आणि आमच्या डॉक्टरांनीही मान डोलावली, तरच निरोप पुढे जातो, आणि त्याखाली आम्ही आपली नावे घालतो. २०१८ पासून आजवर त्या वहीत पानेच्या पाने भरली आहेत. पुढे गेलेले निरोप एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यांतले दोन रक्तदानाचे होते, आणि ते रुग्णाच्या घरच्यांशी बोलून मगच पाठवले.

विद्यार्थी मित्रांनो, घरात मोबाइल सर्वांत चांगला तुम्हाला चालवता येतो. आजी-आजोबा, आई-बाबा तुम्हालाच विचारतात, “हे बघ रे काय आलंय.” तुमच्याकडून आम्हाला ‘दुधारी शस्त्र’ नको. त्यांच्याजवळ बसा आणि ते तीन प्रश्न त्यांना मोठ्याने विचारा. त्यांना राग येईल. येऊ द्या. आम्हालाही त्या दिवशी कुणी विचारले असते तर थोडा रागच आला असता, पण चहा संपण्याआधी तो गेला असता. विश्वस्त मंडळींनाही एक विनंती आहे. शाळेत संगणकाचा तास आहे आणि आरोग्याचाही आहे. वर्षातून एकदा हे दोन्ही तास एकत्र घ्यावेत, आणि मुलांनी घरी आलेला एकेक निरोप आणून तो सगळ्यांसमोर तपासावा. त्याला खर्च काही नाही. वही लागेल, ती आम्ही देऊ.

गणेशोत्सवाचा जमाखर्च आता नववीतली एक मुलगी लिहिते. अण्णा शेजारी बसून आकडे सांगतात आणि अक्षर बिघडले की डाव्या हाताने टेबलावर टकटक करतात. सही ते स्वतः करतात, डाव्या हाताने. गोळी रोज घेतात.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी आम्ही अण्णांना वाचून दाखवला, कारण तो त्यांच्याबद्दल आहे आणि आमच्या नावाने जाणार आहे. त्यांनी शांतपणे ऐकला, छापायला हरकत नाही म्हणाले, आणि एक चूक दाखवली. आम्ही पेला विसाव्या दिवशी पडला असे लिहिले होते. तो सोळाव्या दिवशी पडला. त्यांनी दिवस मोजून ठेवले होते. ती दुरुस्ती वर केली आहे.